झुरिकच्या विमानातली एक जागा

रोम, ८ नोव्हेंबर १९८७

ती. लेओनोरताईस,
धाकट्या रोसाउराचा कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र माद्रिदच्या हॉटेलात आमच्या आधीच येऊन बसलं होतं. आपल्या लोखाहून समुद्र ओलांडून पत्र आमच्यापेक्षा लवकर पोचलं, यावर आमच्या सगळ्या गटात चर्चा झाली. गट म्हणजे ग्वायाकिलचे निवृत्त नोटरी आणि त्यांच्या बायका. नोटरी दिवसभर इमारतींची वर्षं पाठ करतात, बायका दिवसभर बसायला जागा शोधतात. तू सांगितलं होतंस, प्रत्येक चर्चमध्ये तुझ्या नावाची मेणबत्ती लाव. पहिल्या दिवशी लावल्या. रोममध्ये आल्यावर सोडून दिलं. इथे पावलापावलावर चर्च आहे ग ताई, मी मेणबत्त्याच लावत बसेन.

ह्यांची तब्येत उत्तम. तिखटाची बाटली घरून आणली आहे, ती खिशातून निघते आणि शेवयांवर, माशावर, सगळ्यावर रिकामी होते. काल वाढणाऱ्याने ते पाहिलं आणि बिचारा आत निघून गेला. दुसऱ्या खिशात आमचे दोघांचे पासपोर्ट. माझा माझ्याकडे द्या म्हटलं, तर म्हणाले, तू छत्रीसुद्धा विसरतेस. छत्री मी एकदाच विसरले होते, तीही आमच्या साखरपुड्याच्या वर्षी. तेवढं ह्यांना लख्ख आठवतं.

आता मुख्य गोष्ट. गुरुवारी, बारा तारखेला, आम्ही गट सोडून हॅम्बुर्गला निघतोय. झुरिकला विमान बदलायचं आणि दुपारी एकच्या सुमाराला एफ्राईनपुढे उभं राहायचं. बाकीचे व्हेनिसला जाणार. त्या व्हेनिसवरून घरात काय झालं ते तुला सांगितलं नव्हतं. हे म्हणत होते, भावाला इतकी ओढ असती तर तोच आला नसता का इतक्या वर्षांत? मी म्हटलं, पप्पांनी जेवणाच्या टेबलावर त्याचं नाव काढायची बंदी केली होती, तो कुणाच्या घरी येणार होता? शेवटी 'चारच दिवस' या अटीवर होकार मिळाला. युरोपची सहल मी कशासाठी कबूल केली होती, ते तुला माहीत आहे. मला रोमशी काही देणंघेणं नव्हतं.

मनात धाकधूक आहे. पाद्री व्हायचं सोडून सेमिनरीतून पळून केळ्यांच्या बोटीवर स्वयंपाकी म्हणून चढला तेव्हा तो विशीतला, आणि मी वेणी घालणारी. आता त्याच्यापुढे दोन नातवंडांची आजी येऊन उभी राहणार. छातीचं दुखणं आहे असं त्याने लिहिलंय, पुढे लगेच थट्टा. पण त्याचं अक्षर पूर्वी वर चढत जायचं, आता ओळी खाली उतरतात. तू पाहिलंस का ते?

तू दिलेली काढ्याची पाला-फुलं आणि कॉफी अजून शाबूत आहेत. कस्टमवाल्याने हुंगून परत दिली. हॅम्बुर्गहून सविस्तर लिहिते. तोवर धाकटीवर माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
रोसाउरा


हॅम्बुर्ग, १२ नोव्हेंबर १९८७, गुरुवार संध्याकाळ

ती. ताईस,
एफ्राईनचा दंडवत. गुडघे वाकत नाहीत, तेव्हा उभ्यानेच समजून घे.

आज हे पत्र मी आणि रोसाउरा मिळून लिहायचं असं ठरवलं होतं. वरचा अर्धा कागद माझा, खालचा तिचा. पण झुरिकला धुकं पडलंय आणि तिचं विमान अजून जमिनीवरच आहे. दुपारी विमानतळावर फोन केला, तेव्हा तिथल्या बाईने हे सांगितलं. इतकी वर्षं बंदरात काढली, धुक्याशी भांडून उपयोग नाही हे मला कळतं.

सकाळपासून रेपे शिजवत होतो, आईच्या पद्धतीचं केळ्यांचं सूप. हिरव्या केळ्यांची मला इथे कधी पंचाईत पडली नाही. केळ्यांच्या बोटीतून आलेला माणूस मी, धक्क्यावरचे लोक मला अजून घड काढून देतात. आपलं ताजं चीज मात्र मिळत नाही, तर खालच्या मजल्यावरच्या लुर्देसबाईंनी त्यांच्या पोर्तुगीज पद्धतीचं करून दिलं. लुर्देसबाई विधवा आहेत, माझ्यावर लक्ष ठेवतात, आणि मी मेलो तर माझी चांगली कढई त्यांना मिळणार असं त्यांनी मला तोंडावर सांगितलंय.

डॉक्टर आज सकाळीच भरती हो म्हणत होता. पायांवर सूज आहे आणि छातीत पाणी, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, शुक्रवारी येतो. बहीण रोमहून यायची आणि मी इस्पितळाचा झगा घालून तिला भेटायचं? एकदा झगा टाकून पळालेला माणूस इतक्यात दुसरा अंगावर चढवत नसतो. डॉक्टरला यातलं काही कळलं नाही. पण तो हसला, म्हणजे फार घाबरण्यासारखं नसावं.

चार वाजता पुन्हा फोन केला. धुक्यात जरा फट पडलीय, झुरिकच्या काही लोकांना दुसऱ्या विमानाने पाठवताहेत, सहाला पोचतील, असं कळलं. नावं सांगता येत नाहीत म्हणाली. मग घरी बसवेना. लुर्देसबाई ओरडत होत्या, तरी टॅक्सी करून गेलो. कठड्याशी उभा राहिलो. लोक येत होते. एक बाई अगदी रोसाउरासारखी मान तिरकी करून चालत आली. मी हात वर केला. ती दुसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात पडली. वर केलेला हात खाली कसा आणावा ते सुचेना, म्हणून टोपी नीट केली. शेवटचा माणूस बाहेर येऊन दिवे मालवेपर्यंत थांबलो.

म्हणजे उद्या. उद्या येतील. आता जिना चढताना चार वेळा बसलो, त्यामुळे पत्र इथेच आवरतो. लुर्देसबाई पहाटे कामाला जातात, त्या पेटीत टाकतील. रेपे उद्या आणखी चांगलं लागतं, हे आईच सांगायची ना?

दूर असलो तरी तुझ्या मायेतलं माझं पान मांडलेलं असू दे.

तुझा,
एफ्राईन


माद्रिद, १५ नोव्हेंबर १९८७

ती. लेओनोरताईंस,
अबेलार्दोचा सादर नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, आपल्या भगिनीच्या वर्तनाविषयी आपणांस माझ्याकडूनच कळावे, अन्य मार्गाने कळू नये.

गुरुवारी झुरिकला आम्ही धुक्यामुळे अडकलो. तक्रार धुक्याबद्दल नाही. शेकडो माणसे अडकली होती, आणि मी शांत होतो. रोसाउरा मात्र दर पाच मिनिटांनी खिडकीपाशी जाऊन काउंटरवरच्या मुलीला विचारत होती. तिला थोडे फ्रेंच येते याचा तिला उगाच अभिमान आहे. दुपारी साडेतीनच्या सुमारास त्या मुलीने तिला बोलावून सांगितले की, दुसऱ्या विमानात एक जागा आहे. एकच. मी अर्थातच नको म्हणालो. बाईमाणूस, परका देश, संध्याकाळची वेळ. कोणताही जबाबदार पती हेच म्हणाला असता. दोघे जाऊ, नाहीतर कुणीच जाणार नाही, असे मी स्पष्ट सांगितले आणि ती येऊन बसली. इथवर सर्व ठीक होते. कंपनीने हॉटेल दिले. वासराचे मांस बरे होते, सूप गार.

शुक्रवारी सकाळी तोच प्रकार. पुन्हा एक जागा. मी पुन्हा नको म्हणालो. तेव्हा आपल्या भगिनीने, रांगेतल्या पंचवीस परक्या माणसांसमोर, माझ्या कोटाचे बटण काढून आतल्या खिशात हात घातला आणि स्वतःचा पासपोर्ट काढून घेतला. पाकीटमार असे करतात. मग मला सदुसष्टाव्या वर्षी, भाषा येत नसताना, दोन बॅगांसह तिथे सोडून ती निघून गेली. मागे वळून पाहिले नाही. मला स्वच्छतागृह कुठे हे विचारता येईना. एक चिलीचे सद्गृहस्थ भेटले नसते तर माझे काय झाले असते याचा विचार करवत नाही. त्यांनीच मला माद्रिदच्या विमानात बसवून दिले. व्हेनिसहून इथे परतलेल्या गटाला काय सांगायचे हा प्रश्न होता. तिला भावाने बोलावून घेतले, असे सांगितले.

आता बहीण-भावाचे गोडधोड चालले असेल. चालू दे. माझा राग भावावर नाही. पण आपण वडीलधाऱ्या आहात, चार शब्द आपण तिला लिहावेत. माझे चुकले असेल तर तेही सांगावे. मला तसे वाटत नाही.

आपला स्नेह पूर्ववत राहावा.

आपला नम्र,
अबेलार्दो


हॅम्बुर्ग, १८ नोव्हेंबर १९८७

ती. ताई,
नमस्कार. तारेत मावलं तेवढं कळवलं. आता बाकीचं लिहिते. तू बसून वाच.

मी शुक्रवारी दुपारी पोचले. कठड्याशी कुणी नव्हतं. मला वाटलं, काल येऊन गेला असेल, कंटाळला असेल. टॅक्सीवाल्याला पत्त्याचा कागद दाखवला. तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडंच होतं आणि आत काळ्या कपड्यांतली एक बाई खुर्च्या भिंतीला लावत होती. त्या लुर्देसबाई. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्या भाषेत एकच शब्द उच्चारला. पोर्तुगीज मला येत नाही. पण 'बहीण' हा शब्द जवळजवळ आपल्यासारखाच असतो.

तो पहाटेच गेला होता. खुर्चीत बसलेला, कपडे केलेले. बूट चढत नव्हते म्हणून पायांत सपाता. आदल्या संध्याकाळी तो विमानतळावर जाऊन उभा राहिला होता, हे मला लुर्देसबाईंनी हातवारे करून सांगितलं. सहाच्या विमानाला. ताई, ते विमान मला माहीत आहे. त्यात माझी जागा होती.

ते आधी सांगते. साडेतीनला काउंटरवरच्या मुलीने मला खूण केली. एक जागा आहे, दहा मिनिटांत सांगा. मी परत येऊन अबेलार्दोंना म्हटलं, पासपोर्ट द्या, मी पुढे होते, तुम्ही उद्या या. त्यांनी कोटावर हात ठेवला. आवाज चढवला नाही. ते म्हणाले, "तुझा भाऊ तीस वर्षं थांबलाय, एक रात्र आणखी थांबेल." मग उठून स्वतःच त्या मुलीपाशी गेले आणि मान हलवून नको म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी जाऊन खुर्चीत बसले. तिने पुढच्या माणसाला हाक मारली. एक विद्यार्थी होता, गिटारवाला. माझ्या जागेवर तो गेला.

हॉटेलात अबेलार्दो व्यवस्थित जेवले. माझ्या ताटातलंही संपवलं, टाकायचं कशाला म्हणून.

सकाळी पुन्हा धुकं, पुन्हा तीच मुलगी, पुन्हा एक जागा. या वेळी तिने मला बोलावलं नाही, नुसती बघत राहिली. मी पासपोर्ट मागितला. त्यांनी कोट दोन्ही हातांनी धरला. मग मी तो काढून घेतला. लोक बघत होते. तेव्हा ते म्हणाले, "रोसाउरा, मी इथे एकटा काय करू?" आणि मला पहिल्यांदा कळलं की आदल्या दिवशीही हेच होतं. माझी काळजी नव्हती, परका देश नव्हता. त्यांना जेवायला सोबत हवी होती. मी म्हटलं, "काहीतरी कराल."

हे शब्द मी आदल्या दुपारी उच्चारले असते तर एफ्राईन कठड्यापाशी उभा होताच.

मी त्याच्यापाशी बसले. वाटेवर मनात घोकत होते की ओळखता आलं नाही तर काय करायचं. ओळखता आलं. ताई, तो हुबेहूब पप्पांसारखा झाला होता. तेच नाक, तीच भुवई. ज्या माणसाने त्याला उंबरा ओलांडू दिला नाही, त्याचंच तोंड घेऊन तो इतकी वर्षं परक्या गावात दाढी करत होता. कुणी त्याला सांगितलं नसणार. सांगणारं होतं कोण?

चुलीवर रेपे होतं. संध्याकाळी लुर्देसबाईंनी ते गरम करून माझ्यापुढे ठेवलं. नको म्हटलं तर त्या रागावल्या. मी खाल्लं. आईच्या हाताचं होतं. फक्त मीठ कमी होतं. डॉक्टरने बंद केलं असेल.

काल पोचवलं. बंदराजवळच्या पोर्तुगीज चर्चचा पाद्री आला, आणि ज्या खानावळीत तो कामाला होता तिथली चार माणसं. एक तुर्की म्हातारा लहान मुलासारखा रडला. मला रडू आलं नाही. येईल तेव्हा तुला कळवीन.

खोलीचं भाडं महिनाअखेरपर्यंत भरलेलं आहे. तोवर इथेच आहे. पुढचं सुचत नाही. तू लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

तुझी,
रोसाउरा


लोखा, २ डिसेंबर १९८७

श्री. अबेलार्दो यांस,
लेओनोरचा नमस्कार.

आपलं माद्रिदचं पत्र पोचलं. त्याच टपालात दुसरं एक पत्र होतं. आमच्या भावाचं. आपण झुरिकला सूप गार असल्याचं पाहत होतात, साधारण त्याच वेळी ते लिहिलेलं आहे. त्याची नक्कल सोबत जोडली आहे. आपण नोटरी आहात, नक्कल बरहुकूम आहे की नाही ते तपासून घ्यावं. मूळ पत्र मी माझ्यापाशी ठेवणार आहे.

आपण लिहिता, माझं चुकलं असेल तर सांगावं. मी शाळेत चाळीस वर्षं मुलांच्या चुका दाखवल्या. ज्याला स्वतःला चूक दिसत नाही त्याला ती तांबड्या शाईने दाखवूनही दिसत नाही, हे त्यात शिकले. म्हणून सांगत नाही. सोबतचं पत्र फक्त मोठ्याने वाचावं. घरी मोलकरीण असेल, तिला समोर बसवून वाचावं. आपल्याला एकट्याने काही करायची सवय नाही.

रोसाउराला चार शब्द लिहा म्हणालात. आजच लिहिते आहे. आपल्यासाठी माझ्यापाशी याहून जास्त नाहीत.

लेओनोर


लोखा, २ डिसेंबर १९८७

चि. रोसाउरास,
अनेक आशीर्वाद.

एफ्राईनचं शेवटचं पत्र परवा आलं. पोस्टमन ओळखीचा. त्याला तारेचं माहीत होतं, म्हणून पाकीट हातात देताना त्याने टोपी काढली. मी ते वाचलं, घडी केली आणि चर्चमध्ये गेले. प्रार्थना झाली नाही. समोरच्या देवाशी भांडून परत आले.

तू रागावून लिही म्हणालीस, तर लिहिते, कारण पोटात ठेवलं तर कुजेल. त्या माणसाने खिशावर हात ठेवला. त्याला एक हात होता, तुला दोन होते. शुक्रवारी तू जे केलंस ते गुरुवारी का नाही केलंस, हे मी रोज स्वतःला विचारते आणि रोज तुझी बाजू घेऊन उत्तर देते. तुला लहानपणी 'बस' म्हटलं की तू बसायचीस. पप्पा म्हणाले, भावाचं नाव घेऊ नका, तर घरात ते पाळणारी पहिली तूच. मीही पाळलंच. फरक इतकाच, की मला कुणी नवरा करून दिला नाही, त्यामुळे पप्पा गेल्यावर मला 'बस' म्हणणारं कुणी उरलं नाही. तुझ्यामागे ते चालूच राहिलं.

झालं. हे एवढंच होतं. पुन्हा ते माझ्या तोंडून ऐकणार नाहीस.

आता दुसरं. मागची खोली मी रिकामी केली आहे. खिडकीला जाळी लावून घेतली. तू पाहुणी म्हणून ये की राहायला ये, ते तुझं तू ठरव, मला कळवायचीही गरज नाही. आलीस की मी ताट वाढीन. लुर्देसबाईंना माझा नमस्कार सांग, आणि ती कढई त्यांना देऊन टाक. आपण तिचं वजन उचलून आणायचं नाही.

मी कठोर लिहिलं तरी माया आटलेली नाही, हे तुला लिहून दाखवायला लागू नये.

तुझी,
लेओनोर


ग्वायाकिल, ९ डिसेंबर १९८७

सौ. रोसाउरा हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या बंधूंच्या निधनाचे वृत्त मला गटाच्या व्यवस्थापकाकडून कळले, पत्नीकडून नव्हे. असो. दुःख झाले. रविवारी त्यांच्या नावाने प्रार्थना सांगितली, मंडळातले सर्व आले होते. नोटरी मंडळाने फुले पाठवली.

लेओनोरताईंनी मला जे पत्र पाठवले ते त्यांच्या वयाला शोभणारे नाही. आजारी माणूस थंडीत विमानतळावर जाईल हे मला कसे कळणार? धुके मी पाडले नाही. त्याच दिवशी भरती व्हा, असे डॉक्टरांनी सांगितले असताना ते घरी थांबले, तो त्यांचा निर्णय. मी या गोष्टीचा सर्व बाजूंनी विचार केला आहे आणि माझे मन शांत आहे. तूही मनाला लावून घेऊ नकोस. जे झाले ते विधिलिखित.

इकडे सर्वजण तुझी चौकशी करतात. मी सांगितले आहे की, बंधूंच्या शेवटच्या दिवसांत सेवा करण्यासाठी मी तुला परवानगी देऊन मागे ठेवले, आणि तू त्यांच्या अंतकाळी उशाशी होतीस. सर्वांनी माझे कौतुक केले. तेव्हा तू आल्यावर वेगळे काही बोलू नयेस. झुरिकचा प्रकार मी कुणालाही सांगितलेला नाही आणि तुला माफ केले आहे.

मोलकरणीला मासा करता येत नाही. माझी उन्हाळी बंडी सापडत नाही. नाताळला आपल्या धाकट्या मुलीच्या सासरचे येणार आहेत, त्याआधी ये. विमानाची तारीख कळव, मी स्वतः घ्यायला येईन.

लोभ आहेच, तो तुझ्याकडूनही पूर्वीसारखाच असावा.

तुझा,
अबेलार्दो


हॅम्बुर्ग, २१ डिसेंबर १९८७

श्री. अबेलार्दो यांस,
रोसाउराचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. उन्हाळी बंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, पांढऱ्या चादरींच्या मागे आहे. माशाला लिंबू आधी लावायचं आणि मीठ मागून. मोलकरणीला एकदा सांगितलं की येईल तिला. ती हुशार आहे, तुम्ही तिच्याशी कधी बोलला नाहीत.

मी एफ्राईनच्या डॉक्टरांना भेटून आले. गुरुवारी भरती झाला असता तर वाचला असता का, असं विचारलं. ते म्हणाले, कदाचित काही महिने, कदाचित तेवढेही नाहीत. सांगता येत नाही. तेव्हा तुम्ही त्याला मारलंत असं मी म्हणत नाही. ते म्हणायला मला सोपं गेलं असतं. धुकं तुम्ही पाडलं नाहीत हेही मला मान्य आहे.

मी म्हणते ते वेगळंच आहे. त्या दुपारी तुमच्या मनात त्याच्याविषयी वाईट काही नव्हतं. त्याच्याविषयी काहीच नव्हतं. माझ्याविषयीही नव्हतं. नको म्हणताना तुमचा चेहरा मी पाहिला. दुकानदार दुसरं कापड दाखवू का विचारतो आणि आपण नको म्हणतो, तेवढंच होतं त्यात. तुम्ही दुष्ट असतात तर मी आयुष्यभर तुमच्यावर रागावून तुमच्याच घरात राहिले असते. तशा राहणाऱ्या बायका आपल्या गटात होत्याच.

एक कबूल करते. उठून उभी राहायला मला एक अख्खा दिवस जास्त लागला. तो दिवस मी तुमच्या माथी मारणार नाही. तो माझा आहे, आणि तो मला तुमच्या शेजारी बसून भोगायचा नाही.

मी अंतकाळी उशाशी होते असं तुम्ही लोकांना सांगितलंत, हे वाचून मात्र मला रडू आलं. इतके दिवस येत नव्हतं. लुर्देसबाई धावत वर आल्या. काय झालं ते त्यांना कसं सांगणार, म्हणून नुसतं पत्र दाखवलं. त्यांना वाचता आलं नाही. त्यांनी ते उलटं करून टेबलावर ठेवलं आणि वर कॉफीचा पेला ठेवला.

खोलीचं डिसेंबरचं भाडं मी भरलं होतं, आता ती रिकामी केली आहे; निघेपर्यंत लुर्देसबाईंकडे राहीन. माझं विमान सहा जानेवारीचं, कीतोला उतरणारं. तिथून बसने लोखाला जाईन. ग्वायाकिलला विमानतळावर येऊ नका. मुलींना मी स्वतंत्र लिहिलं आहे. त्यांना जे विचारायचं ते त्या मला विचारतील. माझे कपडे कुणाला द्यायचे असतील तर द्या.

लोकांची काळजी करू नका. तुमच्या परवानगीने मी इथे मागे राहिले, असं तुम्ही सगळ्यांना सांगितलं आहे. आता म्हाताऱ्या बहिणीच्या सोबतीला लोखालाही तुमच्या परवानगीनेच राहते आहे, असं सांगा. त्याचंही कौतुक होईल. मी कुणाजवळ तुम्हाला खोटं पाडणार नाही.

लोभाविषयी काही लिहीत नाही.

रोसाउरा